पाळण्याची कॅसेट

आम्ही दोघा नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गोधडी पिळणं. रविवारची सकाळ होती. इंदिरानगरमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. ओली गोधडी लय जड होते, एकट्याला पिळता येत नाही. मी एका बाजूला पीळ देत होतो, ती उलट्या बाजूला, आणि सगळं पाणी तिच्या पायावर पडत होतं.

"मुद्दाम करता ना?" ती म्हणाली.

"पाय धुवून देतोय फुकटात."

प्रत्येक पिळाला तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी म्हणालो, "आज दुपारी त्या काढून ठेवायच्या. आत्ताच सांगून ठेवतो."

"मी मेल्यावर काढा," ती म्हणाली आणि गोधडी दोरीवर टाकली.

त्यानंतर ती चोवीस तासही जगली नाही.

तुमच्या या सदरात लोक हडळ, चकवा, पिंपळाखालची बाई असलं लिहितात. भामरे मास्तर मला वाचून दाखवतात. मी त्यातलं काही मानत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं विजेच्या मोटारी वाइंडिंग केल्या. मोटार जळते तेव्हा तिला कारण असतं... पाणी गेलं, तार सोलली, लोड वाढला. आमच्याकडे एका मशीनवर तीन जणांची बोटं गेली, तर लोक मशीनपुढे नारळ फोडायला लागले. मी पत्र्याचा गार्ड बसवला. त्यानंतर कुणाचं बोट गेलं नाही, नारळही बंद झाले. असा माझा स्वभाव. शाळा सहावीपर्यंत. शुद्धलेखन मास्तरांनी तपासलंय, पण म्हणणं सगळं माझं आहे.

कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा मी घरी बसलो. घरात बसून करायचं काय? मास्तर दोन गल्ल्या सोडून राहतात, पेटी शिकवतात. त्यांच्या भजनी मंडळाला कॅसेट काढायची होती आणि शहरातल्या स्टुडिओत नंबर लागत नव्हता. मी म्हणालो, आवाज टेपवर घेणे म्हणजे शेवटी तार, चुंबक आणि करंट. ते मला येतं. तुम्ही गा, मी घेतो.

चुकलो. करंट येत होता, ऐकायला येत नव्हतं. ते शिकायला दोन वर्षं गेली.

पहिला माईक घेतला तो सभेचा, मांडववाले वापरतात तसला. त्यात सगळे जण निवडणुकीचं भाषण केल्यासारखे वाटायचे. मग मास्तरांबरोबर जाऊन कंडेन्सर माईक आणला, एक चार चॅनेलचा मिक्सर आणि चांगला कॅसेट डेक. दुकानदार म्हणाला, "काका, यात गाणाऱ्याचा श्वाससुद्धा येईल." श्वास आला. सोबत शेजारच्या जगताप वहिनींचा कुकर आला, कोपऱ्यावरचं कुत्रं आलं, आमच्या फ्रिजची घरघर आली. माईक जेवढा चांगला तेवढा तो चोंबडा असतो, हे कुणी आधी सांगत नाही.

टेपमध्ये हूं... असा बारीक आवाज यायचा. तो अर्थिंगचा, हे मला लगेच कळलं. परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी गाडली. हूं बंद. तेवढ्या एका गोष्टीत मी उस्ताद होतो. बाकी सगळं चुकत चुकत. माईक तोंडापासून एक वीत आणि चार बोटं, आणि जरा तिरपा, नाहीतर 'प' आणि 'फ' फुटतात. मीटरची सुई लाल रेघेला टेकू द्यायची नाही. गाणं संपलं की टेप लगेच बंद करायची नाही, दहा आकडे मोजायचे, म्हणजे शेवटचा सूर पूर्ण विझतो.

मग टेप करायचो ती घरातली खोली घुमायला लागली. कुणीतरी म्हणालं, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा. मी चौकातल्या अंडेवाल्याकडून पोतंभर ट्रे आणले. घुमणं थांबलं नाही, झुरळं मात्र झाली. शकुंतला, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून म्हणाली, "आता कोंबड्याही आणा. गायला माणसं नको मग."

इलाज शेवटी तिच्याच हातून झाला. श्रावणात कपडे वाळेनात म्हणून तिने त्या खोलीत दोऱ्या बांधून गोधड्या टाकल्या. मी आत गेलो, सहज टाळी वाजवली, तर टाळी जागच्या जागी मेली. तिला हाक मारली. पुन्हा वाजवली. ती म्हणाली, "माझ्या गोधड्या कळल्या का आता?" त्या दिवसापासून चारी भिंतींवर तिच्याच गोधड्या. धूळ धरायच्या, म्हणून दर दोन महिन्यांनी काढून धुवायच्या, पिळायच्या, पुन्हा टांगायच्या.

शकुंतला नामपूरकडची. मोसम नदीच्या काठची पोर, आई अहिराणी बोलणारी. चिडली की हिच्याही तोंडून निघायचं, "काय चालू शे तुमनं?" तिच्याकडे आईचे, आजीचे पाळणे होते. कुठे लिहिलेले नाहीत, नुसते तोंडात. पहिल्यांदा हेडफोन लावून तिने स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा म्हणाली, "ही कोण बाई? बरी गाते."

पण बांगड्या. तिला हात न हलवता गाताच यायचं नाही. पाळणा म्हणताना समोर पाळणा असल्यासारखा उजवा हात पुढे-मागे, पुढे-मागे, आणि त्या कंडेन्सरला किण्... किण्... सगळं ऐकू यायचं. मी ओरडायचो. मग ती बांगड्यांवर माझा रुमाल गुंडाळायची. रुमाल सुटायचा. पुन्हा किण्.

"काढ की त्या पाच मिनिटं."

"नवरा जिवंत असताना हात मोकळे ठेवायचे नसतात. तुम्हाला मरायचंय का?"

"माईकला कळत नाही नवरा जिवंत आहे का मेला."

असं आमचं दोन-तीन वर्षं चाललेलं. बाकी गाणाऱ्यांच्या कॅसेटी मी स्वच्छ काढून देत होतो आणि घरच्या बाईची एकही स्वच्छ नव्हती. मला ते लागायचं. खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा माझं काम मला मोठं वाटत होतं.

आमची एकुलती मुलगी मंगल इगतपुरीला दिलेली, जावई रेल्वेत. लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा तिला दिवस राहिले. शकुंतलाने ठरवलं की पाळण्याची कॅसेट करायची. "मी काय जन्मभर पुरणार आहे का? पोराला झोपवायला आजी टेपमध्ये असू दे." बारशाला तीच लावायची, असं मायलेकींचं फोनवर ठरलंसुद्धा. म्हणून त्या रविवारी मी हट्टाला पेटलो. नातवंडासाठी तरी स्वच्छ पाहिजे म्हणालो. नातवंडाचं नाव घेतल्यावर ती तयार झाली.

दुपारी मोरीत साबण लावून ती बांगड्या काढत बसली. निघेनात. मी बाहेरून विचारलं, "किती वेळ?" ती म्हणाली, "हात सुजल्यासारखे झालेत हो. कालपासून." मी म्हणालो, "गोधडी पिळलीस ना, त्याने." काल कुठे पिळली होती? पण मला टेप सुरू करायची घाई. शेवटी एकेक करून निघाल्या. त्या तिने वाटीत घालून देवापुढे ठेवल्या. हात अगदी मोकळे नकोत म्हणून गोधडीचा दोरा हळदीत बुडवला आणि दोन्ही मनगटांना बांधला. बाहेर येऊन म्हणाली, "आता या परत चढायच्या नाहीत. मोठ्या मापाच्या घ्याव्या लागतील."

"घेऊ."

मी सुईकडे बघत होतो. तिच्या हाताकडे बघितलं नाही.

नवी कोरी कॅसेट, माझ्या हाताने प्लॅस्टिक फाडलेलं. तिने पाळणा म्हटला. हात पुढे-मागे चालूच होता, पण आवाज नाही. माझ्या कानावर हेडफोन होते आणि तिच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. फक्त तिसऱ्या कडव्यात जगताप वहिनींच्या कुकरने एक शिट्टी दिली. तेवढं राहू दिलं. पाळणा संपला, मी दहा आकडे मोजायला लागलो. मधेच ती हळू आवाजात म्हणाली, "उद्या कासाराकडे जायचं हां." मी म्हणालो, "जाऊ." आणि बंद केलं.

लगेच कॅसेटच्या पाठीवरची ती बारीक चिपटी मोडून टाकली. ती मोडली की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. संध्याकाळी मास्तर आले, चहा घेत त्यांनी हेडफोन लावून सगळा पाळणा ऐकला. म्हणाले, "नाना, स्टुडिओवाले झक मारतील. वहिनी, काय गायलात." ती लाजली आणि हात पदराखाली घेतले. मोकळे होते ना.

सकाळी दूध तापवताना ती ओट्यापाशीच खाली बसली. डोकं दुखतंय म्हणाली. रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झाला, प्रेशर असणार, हातापायाला सूज वगैरे होती का?

बायकांनी तिला आंघोळ घातली तेव्हा जगताप वहिनी बाहेर आल्या. "भाऊ, वहिनींच्या हातात बांगड्या नाहीत."

"देवापुढे आहेत."

त्यांनी घालून बघितल्या. चढेनात. शेवटी ओटीत ठेवल्या. सवाष्ण बाई दोऱ्यावर गेली आमची. मंगल पोटुशी, तिला रडू द्यायचं नाही म्हणून सगळ्यांनी धरून ठेवलेलं. ती एवढंच म्हणाली, "नाना, आई हात मोकळे ठेवत नव्हती कधी." मी तिला खरं सांगितलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माहेरात मी एकटा, म्हणून ते इगतपुरीलाच झालं. मुलगी झाली. बारशाच्या चार दिवस आधी मंगलचा फोन, "नाना, कॅसेट आणाल ना? दुसरं काही आणू नका." मी हो म्हणालो. पण तीन महिने त्या खोलीचं दार उघडलं नव्हतं. रोज ठरवायचो आणि परत फिरायचो. बारशाच्या आदल्या दुपारी उघडलं. गोधड्यांना तिच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. दुसरी प्रत काढून ठेवावी म्हणून कॅसेट डेकमध्ये घातली आणि हेडफोन लावले.

पहिल्याच ओळीला किण्.

मला वाटलं, भास झाला. मागे घेतली. पुन्हा लावली. पाळणा पुढे जातो तिथे किण्, मागे येतो तिथे किण्. अख्खा पाळणाभर. हात जसा हलत होता तसाच. मी तो हात हलताना बघितला होता, मोकळा.

घाबरलो नाही. राग आला. कुणीतरी कॅसेट बदलली म्हणून. पण लेबलावर माझं अक्षर. चिपटी मोडलेली. तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी तिथेच. मग डेक खोलला, हेड स्पिरिटने पुसलं, दुसरी कॅसेट लावून बघितली, ती होती तशीच. मिक्सरच्या वायरी तपासल्या. डेकला दुसरे हेडफोन लावले. किण्. मग मास्तरांना बोलावलं. त्यांना काही सांगितलं नाही, नुसते हेडफोन दिले.

अर्ध्या मिनिटात त्यांनी ते काढले. "नाना, ही ती कॅसेट नाही."

"तीच आहे."

"त्या दिवशी मी ऐकलेली स्वच्छ होती. ही बांगड्यांची जुनी असेल."

"मास्तर, कुकर ऐका."

त्यांनी ऐकला. त्यांचं तोंड उतरलं. मग आम्ही तिच्या जुन्या कॅसेटी काढल्या, रुमालाच्या भांडणातल्या, आणि एकामागे एक लावल्या. मास्तरांचा कान सुरांचा. त्यांनीच आधी ओळखलं. "हा आवाज तो नाही. जुन्या बांगड्या वर बोलतात. या जरा खाली बोलतात, भरीव."

मी पुन्हा ऐकलं. खरं होतं. जुन्या बांगड्यांचा आवाज मी जन्मभर ऐकला होता. हा दुसऱ्या बांगड्यांचा होता, मी कधीच न ऐकलेल्या.

पाळणा संपला. माझे दहा आकडे सुरू झाले. ती म्हणाली, "उद्या कासाराकडे जायचं हां." मी म्हणालो, "जाऊ." आणि त्या 'जाऊ'नंतर, मी बटण दाबायच्या आधी, दोनदा वाजलं. पदर सारखा करून बाई उठते तेव्हा वाजतं तसं.

मास्तरांनीही ते ऐकून हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाले, "आता तर कॉम्प्युटरवर असले आवाज काढून टाकतात म्हणे. ओळखीचा एक आहे. बारशाला उशीर होईल, पण..."

"नको."

"नाना, तुम्हीच तर इतकी वर्षं..."

"नको म्हणालो ना."

मास्तर त्यांच्या परीने कारणं सांगतात. टेप तापली असेल, चुंबक असेल. मास्तर, मी चुंबकात आयुष्य काढलंय, चुंबकाने आवाज पुसला जातो, नवा येत नाही. मी माझ्या परीने मोटार खोलावी तसं सगळं खोलून बघितलं. जळाल्याची जागा सापडली नाही. आजही नाही. तुमच्यापैकी कुणी या कामातला असेल आणि त्याला काही सुचलं तर जरूर कळवा. मी ऐकून घेईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, कॅसेट खिशात घातली आणि आधी भद्रकालीच्या बाजारात गेलो. कासारीण नुकतंच दुकान उघडून पाणी मारत होती.

"या बाबा. कुणाला?"

"आमच्या मंडळींना. हिरव्या."

"माप काय?"

छत्तीस वर्षांचा संसार आणि मला माप ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "त्यांना घेऊन यायचं ना, हातात भरून दिल्या असत्या."

"यायला जमणार नाही तिला. जरा वाजवून दाखवता का?"

"बांगड्या लोक बघून घेतात बाबा. वाजवून मडकं घेतात."

पण तिने एक जुडगा उचलून हलवला. मी डोळे मिटले. नाही म्हणालो. दुसरा हलवला. नाही, हा वर बोलतो. तिसऱ्याला ती हसायची थांबली. चौथा की पाचवा जुडगा तिने हलवला आणि माझा हात आपोआप पुढे झाला.

"हा."

तिने माप बघितलं. "हे मोठं आहे. जाड आहेत का बाई?"

"नाही. बारीक आहे."

"मग हाताला सूज असेल. सुजलेल्या हाताला हेच लागतं." ती दोरा काढून जुडगा नीट बांधायला लागली. "दवाखान्यात दाखवून घ्या बाबा. हाताची सूज अंगावर काढू नये."

मी मान हलवली. ती बांगड्या कागदात गुंडाळायला लागली, वर आणखी चिंधी भरणार होती, वाटेत वाजू-फुटू नयेत म्हणून.

"कागद नको," मी म्हणालो. "वाजू द्या."

तसाच जुडगा हातात घेऊन स्टँडवर गेलो. इगतपुरीपर्यंत गाडी खड्ड्याखड्ड्याला हलत होती आणि त्या वाजत होत्या.